लाकूड ओले विकू नका
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाची गाडी घेऊन तुम्ही जिनिंगच्या फाटकात उभे राहता. समोरचा माणूस गाडीत कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर कापूस दाबून पाहतो आणि म्हणतो, "ओल आहे." झाले, कट्टी लागली. सीसीआयच्या खरेदीचा नियम आपल्याला पाठ आहे. ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण भाव, त्यापुढे कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर माल परत. ओलावा या एका शब्दापायी आपण किती रात्री फाटकाबाहेर गाडीखाली झोपून काढल्या, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता दुसरे चित्र पाहा. त्याच शेतकऱ्याच्या धुऱ्यावर आजोबाने राखलेली सागाची दहा झाडे आहेत. कापूस बुडाला, पोरीचे लग्न निघाले, दवाखाना निघाला, की झाडाकडे नजर जाते. ठेकेदार येतो, झाडाला कवेत घेऊन मोजतो आणि उभ्या झाडाचा सौदा करून जातो. तो ओलाव्याबद्दल एक अक्षर बोलत नाही! कापूस घेताना ओल सोसत नाही आणि साग घेताना ओलाच हवा, असे का?

कारण सरळ आहे. लाकडातले पाणी काढले की त्याची किंमत चढते, आणि ते पाणी काढण्याचे काम आपण कधी केलेच नाही. आपण ओला लठ्ठा विकतो आणि चार वर्षांनी घर बांधताना वाळलेली चौकट विकत आणतो. एकाच झाडावर दोनदा नुकसान.

यात आणखी एक गोष्ट आहे. कापूस वजनावर जातो. तो वाळवला की वजन घटते, म्हणजे वाळवण्यात आपलाच तोटा. लाकडाचे तसे नाही. इमारती लाकूड घनफुटावर विकले जाते. सागाची ओली फळी वापरण्याजोगी वाळली तरी तिचे घनफूट जेमतेम चार-पाच टक्के कमी होते. म्हणजे पाणी गेले, पण माल जवळपास तेवढाच राहिला. शेतकऱ्याच्या मालात वाळवल्याने फायदा व्हावा असा माल क्वचित सापडतो. तो आपल्या धुऱ्यावर उभा आहे आणि आपण तो ओला देऊन टाकतो.

म्हणून आज लाकूड वाळवण्याबद्दल बोलायचे आहे. उन्हावर चालणारे वाळवणघर, ज्याला सौर भट्टी म्हणतात, ते काय असते, कसे चालते आणि कुठे घात करते, हे सांगतो. मी काही शास्त्रज्ञ नाही. घाटंजीकडचा कोरडवाहू शेतकरी आहे. पऱ्हाटी, ज्वारी आणि मधात तुरीची तासे, एवढाच माझा कारभार. लाकडाचे जे शिकलो ते अर्धे कागदावरून आणि अर्धे स्वतःचे नुकसान करून.

लाकूड का तडकते?

माझे नुकसान आधी सांगतो. एका वर्षी रीतसर परवानगी काढून बांधावरचे दोन साग तोडले आणि आरामशीनवर फळ्या पाडून आणल्या. एप्रिल महिना होता. कुठेतरी ऐकले होते की प्लास्टिकच्या तंबूत लाकूड झपाट्याने वाळते. मग काय, शेडनेटचे पाइप उभे केले, वरून प्लास्टिक ताणले, एका तोंडाला मोठा पंखा लावला आणि दुसरे तोंड मोकळे सोडले. बाहेर ४३ अंश ऊन. तिसऱ्या दिवशी दुपारी तंबूजवळ बसलो होतो तर आतून कट्, कट् आवाज येऊ लागले. फळ्या तडकत होत्या. आमच्या गावचे म्हातारे वाढई पाहायला आले. त्यांनी एका फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, तुमी लाकूड वायवलं नाही, भाजलं."

त्या एका वाक्यात सगळे शास्त्र आले. आपल्या काळ्या जमिनीकडे पाहा. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि आकसली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. लाकूडही असेच फुगते आणि आकसते. ओल्या फळीला कडक ऊन आणि वारा लागला की तिचा वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि आकसू पाहतो. आतला गाभा मात्र अजून ओला, फुगलेलाच असतो. तो आकसू देत नाही. या ओढाताणीत वरचा थर फाटतो. त्यालाच आपण तडा म्हणतो.

मायबहिणींना हे शिकवायला नको. पापड लाटून थेट कडक उन्हात टाकला तर तो वळतो आणि काठ फुटतात. म्हणून तुम्ही तो आधी सावलीत सुकवता आणि मग ऊन दाखवता. लाकडाचा कायदा तोच आहे. सुरुवातीला हळू, शेवटी जोरात. मी पापडाचे शास्त्र विसरलो आणि दोन साग घालवले.

आता थोडे आकडे. ओल्या लाकडात दोन प्रकारचे पाणी असते. एक पेशींच्या पोकळीत भरलेले मोकळे पाणी. ते निघून गेले तरी लाकूड आकसत नाही. दुसरे लाकडाच्या अंगात, पेशींच्या भिंतीत मुरलेले. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला की हे मुरलेले पाणी निघू लागते, आणि आकसणे खरे तेव्हा सुरू होते. वरचा पापुद्रा ही पायरी फार लवकर गाठतो आणि आतला भाग मागे राहतो. म्हणून पहिले पंधरा दिवस धोक्याचे. फळी पूर्ण ओली दिसत असते, पण वरचे सूतभर लाकूड केव्हाच ३० च्या खाली गेलेले असते.

साग मुळात कमी आकसणारा आहे, म्हणून तर त्याचा एवढा मान. तरीही एक फूट रुंदीची सागाची ओली फळी १२ टक्क्यांवर येईपर्यंत सुमारे तीन सूत आकसते. ओल्या फळ्यांचे दार केले तर चार फळ्यांत बारा सूत, म्हणजे दीड इंच गेला. मग दिवाळीत दाराच्या फटीतून अंगण दिसते.

किती वाळवायचे?

लाकूड कितीही वाळवले तरी ते हवेप्रमाणे पाणी घेते आणि सोडते. आपल्याकडे वैशाखात हवा इतकी कोरडी असते की उघड्यावरचे लाकूड पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरते. श्रावणात झड लागली की तेच लाकूड सोळा-सतरा टक्क्यांपर्यंत चढते. म्हणून पावसाळ्यात दार चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात सैल होते. दोन्हींच्या मधला मार्ग म्हणजे १० ते १२ टक्के. दारे, खिडक्या, पलंग, कपाट यांसाठी लाकूड तिथवर आणायचे. भारतीय मानक संस्थेने लाकडाच्या ओलाव्याचे आणि सिझनिंगचे मानक केव्हाचे ठरवून दिले आहेत. ते देशाचे कोरड्या-दमट हवेप्रमाणे विभाग पाडतात, कारण कोकणातले वाळलेले लाकूड विदर्भात ओलेच ठरते.

ज्वारी वाळली की नाही हे आपण दाताखाली धरून पाहतो. कटकन फुटली की पेवात टाकायला हरकत नाही. लाकूड चावून कळत नाही. त्याला तराजू लागतो. रीत सोपी आहे, लिहून घ्या.

फळीच्या टोकापासून दीड-दोन फूट आतला एक लहान तुकडा कापा आणि लगेच वजन करा. समजा ३२० ग्रॅम भरला. तो तव्यावर वाळू घालून मंद आचेवर ठेवा. जळू देऊ नका. तासातासाने वजन करा. दोनदा वजन सारखेच आले की तो पूर्ण कोरडा झाला. समजा २०० ग्रॅम राहिला. म्हणजे पाणी १२० ग्रॅम. १२० ला २०० ने भागा, शंभराने गुणा. ओलावा ६० टक्के. लाकडात ओलावा नेहमी कोरड्या वजनावर मोजतात.

आता उरलेल्या फळ्यांतली एक फळी खुणेची धरा. तिचे आजचे वजन समजा १६ किलो आहे. ओलावा ६० टक्के, म्हणजे तिचे कोरडे वजन १० किलो. आपल्याला १२ टक्के हवेत, म्हणजे ती ११ किलो २०० ग्रॅमवर आली की काम झाले. रोज सकाळी तीच फळी काढा, वजन करा, वहीत लिहा. बाजारात ओलावा मोजायचे काटेरी टोकांचे यंत्र मिळते, पण ज्याच्याकडे तराजू आणि वही आहे त्याला ते नसले तरी चालते.

वाळवणघर कसे असते?

डेहराडूनची वन संशोधन संस्था १९०६ सालापासून आहे. तिथल्या लोकांनी १९७० च्या दशकात उन्हावर चालणारी लाकूड वाळवण्याची भट्टी करून दाखवली. तिचे रूप काचेच्या घरासारखे. पुढे अमेरिकेत व्हर्जिनियाच्या विद्यापीठानेही लहान कारागिरांसाठी तशीच सोपी भट्टी तयार केली. मोठ्या लाकूड कारखान्यात वाफेच्या भट्ट्या असतात. त्यांना बॉयलर लागतो, रात्रंदिवस सरपण लागते, शिकलेला माणूस लागतो. तो खेळ आपला नाही. उन्हाची भट्टी आपली आहे, कारण ऊन ही एकच वस्तू यवतमाळ जिल्ह्यात मुबलक आहे आणि तिच्यावर कोणाची लेव्ही नाही.

शंभर घनफूट चिरलेल्या मालासाठी घर किती मोठे लागते ते सांगतो. सागाचे एक घनफूट ६० टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आणायचे तर साडेसात लिटरच्या आसपास पाणी काढावे लागते. शंभर घनफुटांचे साडेसातशे लिटर झाले, म्हणजे दोनशे लिटरचे पावणेचार ड्रम. एवढे पाणी महिन्याभरात उडवायचे तर शंभर ते सव्वाशे चौरस फूट ऊन झेलणारे छप्पर हवे.

म्हणजे लांबी बारा फूट, पूर्व-पश्चिम. छपराचा उतार दक्षिणेकडे. आपला जिल्हा उत्तरेकडे २० अंशांवर आहे, तेव्हा उतार वीस-पंचवीस अंशांचा असला की वर्षभराचे ऊन बरे मिळते. दक्षिणेकडची भिंत साडेपाच-सहा फूट, उत्तरेकडची दहा फूट. छपराला काच, पॉलिकार्बोनेटची पाटी किंवा पॉलिहाउसचे जाड प्लास्टिक. काच चांगली, पण २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपण विसरलेलो नाही. प्लास्टिक स्वस्त, पण दर तीन वर्षांनी बदलावे लागते. बाकीच्या तीन भिंती विटा-मातीच्या चालतात. आतून काळा रंग द्या आणि फटी बुजवा.

छपराखाली हातभर अंतर सोडून काळा रंग दिलेला पत्रा आडवा बसवायचा. हा पत्रा तापतो. त्याच्या वरच्या पोकळीत दोन पंखे, तोंड उत्तरेकडे. पंखा गरम हवा उत्तरेच्या भिंतीकडे ढकलतो, ती खाली उतरते, लाकडाच्या थप्पीतून दक्षिणेकडे निघते, वर चढते, पुन्हा तापते आणि पुन्हा फिरते. लाकडाची थप्पी पत्र्याखाली सावलीतच असते. फळीवर थेट ऊन पडू द्यायचे नाही.

थप्पीच्या वर आणि दोन्ही टोकांना जी मोकळी जागा राहते तिथे ताडपत्रीचा पडदा सोडा. हवा आळशी असते, मोकळी वाट दिसली की थप्पीत शिरत नाही. हवा थप्पीतून जाते की नाही हे पाहायला आपल्या घरचा कापूस पुरेसा आहे. पिंजलेल्या कापसाचा तंतू दोन फळ्यांच्या फटीसमोर धरा. सगळीकडे सारखा हलला तर बरोबर.

हवा आत घ्यायला दक्षिणेच्या भिंतीत तळाशी आणि दमट हवा बाहेर सोडायला उत्तरेच्या भिंतीत, अशा झडपा ठेवा. हातभर लांब आणि वीतभर रुंद, दोन-दोन पुरेत. या झडपाच लगाम आहेत. घोडा म्हणजे ऊन. माझ्या तंबूला लगाम नव्हता.

पंखे बॅटरीशिवाय थेट सौर पाटीवर जोडले तर शंभर-दीडशे वॅटची पाटी पुरते. ऊन आले की पंखा फिरेल, ऊन गेले की थांबेल. भारनियमनाची कटकट नाही. आणि रात्री पंखा थांबतो ही अडचण नव्हे, तेच या भट्टीचे वरदान आहे. दिवसा फळीचा वरचा थर वाळतो. रात्री भट्टी गार पडते, आतली हवा दमट होते आणि तो वाळलेला थर पुन्हा थोडा नरम पडतो. तेवढ्यात आतले पाणी बाहेर सरकते. दिवसाची ओढाताण रात्री सुटते. म्हणून नवख्या माणसाच्या हाताने उन्हाच्या भट्टीत जेवढे लाकूड वाचते तेवढे वाफेच्या भट्टीत वाचत नाही.

थप्पी हीच अर्धी भट्टी

भट्टी बांधायला पैसे लागतात. थप्पी नीट लावायला फक्त अक्कल लागते, आणि अर्धे यश तिच्यात आहे.

एक. झाड हिवाळ्यात तोडा आणि लवकर चिरून घ्या. लठ्ठा तसाच उन्हात पडू दिला तर तो गाभ्यापर्यंत फुटतो.

दोन. फळीची टोके डांबराने किंवा जाड ऑइलपेंटने बंद करा. काहीच नसेल तर शेणमातीचा दाट लेप द्या. टोकातून पाणी बाजूच्या मानाने दहापट वेगाने निघते. टोक फुटले की तडा हातभर आत जातो.

तीन. जमिनीपासून दीड फूट उंच विटांचे किंवा दगडांचे ओटे करा. त्यावर फळ्यांचा थर, मग एक इंच जाडीच्या वाळलेल्या रिपा दर दोन फुटांवर, मग पुन्हा थर. वरची रिप खालच्या रिपेच्या बरोबर डोक्यावर आली पाहिजे. रिप इकडेतिकडे झाली की फळी तिथे वाकते आणि तशीच वाळते. टोकाशी रिप हवीच.

चार. एका थप्पीत एकाच जाडीच्या फळ्या. आणि शक्यतो एकाच जातीचे लाकूड. सावरीचे लाकूड भराभर वाळते, साग मध्यम, आणि धावडा फार हट्टी. सगळी एकत्र घातली तर सावर वाळून जाईल आणि धावडा फाटेल.

पाच. वरून दगडांचे वजन ठेवा. वरचे थर वाकत नाहीत.

ज्याच्याकडे चारच झाडे आहेत त्याने भट्टीच्या नादी लागूच नये. टिनाच्या छपरीखाली, जिथे उन्हाळ्याची झळ थेट येत नाही अशा जागी थप्पी लावा. कडब्याची गंजी लावताना जेवढी काळजी घेता तेवढी घ्या. एक इंची साग तीन-चार महिन्यांत बराच वाळतो. भट्टीत तेच काम साधारण महिना-सव्वा महिन्यात होते. फरक असा की भट्टीत एकदा काम बसले की वर्षाला कितीतरी घाणे निघतात, आणि पावसाळ्यात छपरीखालचे लाकूड १६ टक्क्यांच्या खाली जात नाही तेव्हाही भट्टी ते १२ वर आणू शकते.

भट्टी चालवायची कशी?

पहिला आठवडा झडपा जवळजवळ बंद. लाकडातून निघणारे पाणीच आतली हवा दमट ठेवते, तेच आपल्याला हवे आहे. आत ४० अंशांच्या फार वर जाऊ देऊ नका. वैशाखात हे साधायचे तर दुपारी छपरावर शेडनेट टाका आणि एक पंखा बंद ठेवा. खुणेच्या फळीचे वजन पाहा. १० किलो कोरड्या वजनाची फळी दिवसाला २०० ते ३०० ग्रॅमपेक्षा जास्त उतरू नये. दोन इंची जाड माल असेल तर त्याच्या निम्मेच. जास्त उतरली तर झडप मिटा, कमी उतरली तर किंचित उघडा.

ओलावा ३० च्या खाली गेला की झडपा हळूहळू उघडा. २० च्या खाली गेला की भिऊ नका. आता ५५-६० अंश होऊ द्या, दोन्ही पंखे चालू द्या. शेवटचे पाणी फार चिवट असते, त्याला उष्णता लागते. वजन ठरलेल्या आकड्यावर आले की दोन-तीन दिवस झडपा बंद करून भट्टी तशीच ठेवा, म्हणजे फळीच्या आत-बाहेर ओलावा सारखा होतो. मग काढा, आणि काढलेले लाकूड उघड्या अंगणात टाकू नका.

ढगाळ दिवसांत काय करायचे? इथे आपली पऱ्हाटी कामाला येते. एकरी टनाच्या आसपास पऱ्हाटी निघते आणि आपण ती धुऱ्यावर पेटवून देतो. भट्टीच्या बाहेर चुलाणा करायचा आणि त्याचा धूर लोखंडी पाइपातून भट्टीच्या तळाने फिरवून पलीकडे धुराड्याने वर काढायचा. पाइप तापतो, हवा तापते, धूर आत येत नाही. माझ्या हिशेबाने बारा-पंधरा किलो पऱ्हाटीत एका चांगल्या उन्हाच्या दिवसाएवढी उष्णता मिळते. फक्त एक करा. पऱ्हाटी साठवण्याआधी तिच्यावरची न फुटलेली बोंडे खुडून नष्ट करा. नाहीतर गुलाबी बोंडअळी तुमच्या घरीच उन्हाळा काढेल.

जिवाची काळजी

लाकूड फाटले तर पैसे गेले. माणूस गेला तर सगळेच गेले. म्हणून हे नीट ऐका.

चुलाणा बाहेरच. भट्टीच्या आत शेगडी, कोळसा, काहीही पेटवायचे नाही. बंद जागेतला धूर झोपेत जीव घेतो, आणि वाळलेल्या लाकडाला ठिणगी पुरते. चुलाण्याजवळ रात्री एक जागता माणूस आणि पाण्याचे दोन ड्रम भरलेले हवेत. पाइपाला लाकूड टेकू देऊ नका. वाऱ्यावादळाच्या दिवशी चुलाणा पेटवायचाच नाही.

भर दुपारी आत जायचे असेल तर आधी पंखा बंद करा, दार आणि झडपा उघडा आणि पंधरा मिनिटे थांबा. एकट्याने जाऊ नका. आत साठ अंश असतात, उष्माघात व्हायला वेळ लागत नाही.

थप्पी जितकी रुंद त्याच्या दीडपटीपेक्षा उंच करू नका. ओली फळी जड असते, कोसळली तर पाय मोडतो. थप्पीत हात घालण्याआधी काठी फिरवा. उबेला विंचू आणि साप येऊन बसतात.

फळीच्या कडेचे पांढरे लाकूड भुंगेऱ्यांना आवडते. जुने लोक बाभूळ महिना-महिना नाल्यात बुडवून ठेवत, ते त्याच्यासाठीच. पाण्यात लाकडातला पिठूळ अंश निघून जातो. आता बोरॅक्स आणि बोरिक पावडरचे पाणी लावतात. ते लावताना हातमोजे घाला, पोरे-ढोरे लांब ठेवा. पण पऱ्हाटीवरचे उरलेले औषध लाकडाला मारायचे नाही. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे विषबाधेने गेली. तेच विष बंद, तापलेल्या खोलीत कोंडायचे आणि नंतर त्याच लाकडाचा पाळणा करायचा, हे पाप कोणी करू नका.

कायदा आणि हिशेब

साग तुमच्या मालकीचा असला तरी झाडे तोडण्याबाबतच्या १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाही. वाहतुकीलाही परवाना लागतो. आरामशीन परवान्याचीच हवी. आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीला १९६९ चा वेगळा कायदा लागू आहे, तेव्हा कोलाम, गोंड भावांनी आधी तहसील आणि वन कार्यालयात चौकशी करावी आणि मगच कोणाशी बोलावे. भट्टीत जे लाकूड आहे त्याचा प्रत्येक कागद भट्टीत लावून ठेवा. कागद नसलेली एक फळी आली तर सगळी थप्पी जप्त होईल. कायदा बरा की वाईट हा वाद आपण इतरत्र घालतोच. पण त्या वादात भट्टी पणाला लावू नका.

हिशेबाचे म्हणाल तर मी भाव सांगणार नाही, तो हंगामागणिक बदलतो. तुम्हीच दोन प्रश्न विचारून या. उभ्या सागाला किंवा ओल्या लठ्ठ्याला घनफुटाचा काय भाव? आणि वाळलेल्या, चिरलेल्या सागाला काय भाव? मधले अंतर पाहून डोळे फिरतील, पण लगेच हुरळू नका. शंभर घनफूट गोल लाकडातून पन्नास-पंचावन्न घनफूट चिरीव माल निघतो, बाकी भुसा आणि सालपट. चिरणावळ आहे, वाहतूक आहे, भट्टीची झीज आहे, काही फळ्या फुटणारच. हे सगळे वजा करून काय उरते ते पाहा. जे उरेल ती इतकी वर्षे दुसऱ्याच्या गल्ल्यात गेलेली तुमची मजुरी आहे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट पैशापलीकडची आहे. ओला लठ्ठा पडून राहिला की फाटतो, म्हणून विकण्याची घाई असते. घाई कोणाला आहे हे घेणाऱ्याला नेमके कळते. वाळलेली, थप्पी लावलेली फळी छपराखाली वर्षभर बसून राहते. ती म्हणत नाही की आज विका. कापूस घरात ठेवला तर खाज सुटते, ज्वारी ठेवली तर सोंडे पडतात. वाळलेला साग ठेवला तर काही होत नाही. अडल्या वेळी पडेल तो भाव घ्यायचा की दोन महिने थांबायचे, हे ठरवण्याची ताकद त्या वाळलेल्या फळीत आहे.

म्हणून बैठकीतून जाताना तीन कामे घेऊन जा. पहिले, आपल्या धुऱ्यावरची झाडे मोजा आणि सातबाऱ्यावर त्यांची नोंद आहे की नाही पाहा. दुसरे, या हिवाळ्यात ज्याच्याकडे परवानगीने झाड तुटेल त्याने निदान टोके बंद करून, रिपा घालून सावलीत थप्पी लावावी. भट्टी नसली तरी चालेल. तिसरे, पाच-सहा गावे मिळून एक भट्टी बांधा. ती गावच्या वाढयाच्या हाताखाली द्या, कारण लाकडाची भाषा त्याला कळते. वही मात्र शिकलेल्या पोरीच्या हातात द्या. रोजचे वजन लिहिल्याशिवाय भट्टी पुढे चालवायची नाही.

माझ्या त्या फुटलेल्या फळ्यांपैकी एक मी घराच्या ओसरीत उभी करून ठेवली आहे. येणारा-जाणारा विचारतो, हे काय ठेवले? मी म्हणतो, ही माझ्या घाईची पावती आहे. तुम्हाला अशी पावती फाडावी लागू नये, एवढ्यासाठी इतका वेळ घेतला.